मजेत वाचायची विज्ञानाची पुस्तकं : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

कट्ट्यावर, संमेलनाच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी हे प्रश्न विचारतंच. दर वेळी नव्यानं सांगण्यापेक्षा इथं एकदा लिहून ठेवलेत. उत्तरांत आवडनिवड डोकावेल. ती लपवलेली नाही.

रंजक विज्ञानपुस्तक म्हणजे कसलं? विनोदी असावं लागतं का?

विनोद असला तर छानच, नसला तरी अडत नाही. पाठ्यपुस्तक उत्तर आधी सांगून टाकतं आणि प्रश्न धड्याच्या शेवटी छापतं. या पुस्तकांत प्रश्न आधी येतो, आणि उत्तर सापडेपर्यंत लेखक आपल्याला सोबत हिंडवतो.

पृथ्वीचं वय घ्या. "सुमारे ४५५ कोटी वर्षं" एवढं पाठ केलं की परीक्षेपुरतं काम झालं. खरी गंमत त्याच्या मागे आहे. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विन या दबदबा असलेल्या भौतिकशास्त्रज्ञानं पृथ्वी थंड व्हायला किती वेळ लागेल याचा हिशेब मांडून २ ते ४० कोटी वर्षं असा अंदाज दिला होता. भूशास्त्रज्ञांना आणि डार्विनच्या बाजूच्या लोकांना तेवढा काळ पुरत नव्हता, पण केल्विनसारख्या माणसाला खोटं कोण ठरवणार? पुढं किरणोत्सार सापडला, युरेनियमचं ठरावीक वेगानं शिसं होत जातं हे कळलं. मग क्लेअर पॅटरसन या अमेरिकी माणसानं अशनीतल्या शिशाचं प्रमाण मोजून १९५६ साली ४५५ कोटींचा आकडा दिला. मोजताना त्याला जिथं तिथं जास्तीचं शिसं सापडायला लागलं, उपकरणांवर, हवेत, धुळीत. म्हणून त्यानं अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली. हे शिसं कुठून येतंय हे शोधत तो पेट्रोलपर्यंत पोचला आणि पुढची कित्येक वर्षं पेट्रोलमध्ये शिसं घालणाऱ्या उद्योगाशी भांडला. आपल्याकडं शिसेविरहित पेट्रोल देशभर आलं ते २००० साली. पृथ्वीचं वय मोजायला निघालेला माणूस आपल्या स्कूटरच्या टाकीपाशी येऊन थांबला. ही गोष्ट नीट सांगणारं पुस्तक रंजक.

मी आर्ट्सची. बारावीनंतर विज्ञानाशी संबंध आला नाही. जमेल का?

मायकेल फॅरेडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायचा. शाळा जेमतेम झालेली. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा, आणि त्यात जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूपी पुस्तक होतं. सामान्य वाचकांसाठी, त्यातही बायकांसाठी लिहिलेलं. त्यानं ओढ लागली. मग रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती स्वतःच्या हातानं बांधून डेव्हींना पाठवली आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळवली. आज आपल्या घरात वीज येते ती ज्या तत्त्वावर तयार होते, ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन याच माणसानं १८३१ साली शोधलं.

तुम्हाला फॅरेडे व्हायचं नाहीये, ठाऊक आहे. पण आर्ट्सची पदवी हा काही अडथळा नव्हे. उलट कादंबऱ्या वाचायची सवय असलेला माणूस या पुस्तकांत लवकर रमतो, असं आमचं निरीक्षण आहे. अडखळतात ते फक्त मार्कांसाठी वाचायची सवय लागलेले.

मग सुरुवात नेमकी कुठून करू?

आकाशाची आवड असेल तर जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. मराठीतच विचार करून लिहिलेलं आहे, त्यामुळं वाक्यं अंगावर येत नाहीत. नारळीकर मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, हा आम्हाला उगाचच वाटणारा अभिमान. माणसांच्या गोष्टींतून विज्ञान हवं असेल तर अच्युत गोडबोल्यांचं 'किमयागार'. ते जाड आहे, पण ओळीनं वाचलंच पाहिजे असं नाही. हवा तो शास्त्रज्ञ काढून वाचावा.

इंग्रजी वाचत असाल तर बिल ब्रायसन यांचं 'अ शॉर्ट हिस्टरी ऑफ नियरली एव्हरीथिंग' (२००३). ब्रायसन प्रवासवर्णनं लिहिणारे. आपल्याला काहीच येत नाही हे कबूल करून ते शास्त्रज्ञांना भेटत सुटले. पॅटरसनची वरची गोष्ट तिथं छान रंगवलेली आहे. मेंदूबद्दल कुतूहल असेल तर ऑलिव्हर सॅक्स. हे मेंदूविकारांचे डॉक्टर. त्यांच्या 'द मॅन हू मिस्टुक हिज वाइफ फॉर अ हॅट' (१९८५) या पुस्तकात एक संगीतशिक्षक आहेत. ते टोपी घ्यायला हात पुढं करतात आणि बायकोचं डोकं धरतात. सॅक्स रुग्णाला हसत नाहीत, आपल्यालाही हसू देत नाहीत, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

गणित आलं की माझं डोकं बंद पडतं.

बहुतेकांचं पडतं. स्टीफन हॉकिंग यांना कुणीतरी सांगितलं होतं की पुस्तकात एकेक समीकरण घातलंत की खप निम्म्यावर येईल. म्हणून 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' (१९८८) या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात एकच समीकरण ठेवलं, आइन्स्टाइनचं. तरीही ते पुस्तक पहिलं म्हणून घेऊ नका. समीकरण नसलं म्हणजे सोपं झालं असं नाही. घरोघरी कपाटात उभं असलेलं आणि अर्ध्यावर खूण घातलेलं पुस्तक म्हणून त्याची ख्याती आहे.

त्यापेक्षा जॉर्ज गॅमॉव यांचे मिस्टर टॉम्पकिन्स भेटले तर बघा. हा बँकेतला साधा कारकून सापेक्षतेवरच्या व्याख्यानाला जातो, झोपतो आणि स्वप्नात अशा गावी पोचतो जिथं प्रकाशाचा वेग जेमतेम सायकलीएवढा आहे. सायकलवाला जवळून जातो तर चपटा दिसतो. १९४० चं पुस्तक, अजून ताजं. याकोव्ह पेरेलमन यांचं 'फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट' (रशियनमध्ये पहिल्यांदा १९१३) हेही असंच. सोव्हिएत काळात मॉस्कोची पुस्तकं आपल्याकडं अगदी स्वस्तात मिळायची. जुन्या मास्तरांच्या घरात शोधा, हमखास सापडेल.

मराठीत वाचू, इंग्रजीत, का कन्नडात? पोरं तर तिन्ही थोडं थोडं वाचतात.

तिन्ही वाचणाऱ्याचं फावतं, हे पुण्याच्या वाचकाला मिळत नाही.

मराठीत ही परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' मासिक १८४० चं, त्यात विज्ञानावर लेख असत. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासूनचं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. अडचण आहे ती भाषांतरांची. काही भाषांतरं अशी असतात की मूळ इंग्रजी डोळ्यापुढं आणल्याशिवाय मराठी वाक्य कळत नाही. दुकानात उभ्या उभ्या मधलंच एक पान वाचा. दोनदा वाचूनही अर्थ लागला नाही तर पुस्तक खाली ठेवा. दोष तुमचा नाही.

कन्नड वाचता येत असेल तर मोठा खजिना उघडतो. शिवराम कारंतांनी, ज्ञानपीठ मिळालेल्या कादंबरीकारानं, मुलांसाठी 'बाल प्रपंच' आणि मोठ्यांसाठी 'विज्ञान प्रपंच' असे ग्रंथ केले. पूर्णचंद्र तेजस्वी यांची 'कर्वालो' ही कादंबरी तर खानापूरच्या जंगलात फिरलेल्या माणसानं वाचायलाच हवी. शेती करणारा निवेदक, एक शास्त्रज्ञ, गावातला मंदण्णा नावाचा पोरगा आणि उडणारा सरडा. पश्चिम घाटात असा सरडा खरोखर आहे. बरगड्यांना जोडलेली कातडी पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. शास्त्रज्ञापेक्षा मंदण्णाला जंगल जास्त कळतं, हे तेजस्वी इतक्या सहज दाखवतात की कुठं शिकवल्यासारखं वाटत नाही.

पुस्तकात लिहिलंय ते खरंच आहे हे आम्ही कसं ओळखायचं?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा. एका उदाहरणावरून बघू.

विजयदुर्गाला सहलीला गेलात की हेलियमची गोष्ट ऐकायला मिळते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या साहेबानं किल्ल्यावर दुर्बीण लावून हेलियम शोधला, अशी. गोड गोष्ट आहे. लेखांत, पुस्तकांत, मोबाइलवर सगळीकडं तीच फिरते.

आता बाकीच्या नोंदी शेजारी ठेवा. १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हतेच. फ्रान्सचे पियर जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणारा पट्टा, त्यांनी पाहिला, आणि त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील असं त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं करूनही दाखवलं. लॉकियर यांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट इंग्लंडमधून केली, २० ऑक्टोबर १८६८ ला, साध्या दिवसाच्या उजेडात. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. त्या वर्णपटात सोडियमच्या रेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा होती. ती नव्या मूलद्रव्याची असावी हा विचार लॉकियर यांनी पुढं रेटला. पुष्कळांनी तो मानला नाही. शेवटी १८९५ साली विल्यम रॅमसे यांना तोच वायू पृथ्वीवर, युरेनियमच्या एका खनिजात सापडला.

मग विजयदुर्ग आला कुठून? लॉकियर तिथं आले होते हे खरं. पण ते १८९८ साली, २२ जानेवारीच्या ग्रहणासाठी, हेलियम सापडून गेल्यावर. दोन ग्रहणं एकात मिसळली आणि गोष्ट तयार झाली.

यात आपल्या बाजूचा एक धागा आहे, तो मात्र कुणी सांगत नाही. १८६८ ला रॉयल सोसायटीच्या वतीनं लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला दुर्बीण घेऊन बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. नेमके ढग आले. ढगांच्या फटीतून जे काही क्षण मिळाले त्यात त्यांना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा रेषा दिसल्या. नारिंगी होती तीच वर सांगितलेली, पुढं गाजलेली पिवळी रेषा. चिकोडीहून जमखंडी ती केवढी लांब!

तर ओळखायचं कसं? चांगलं पुस्तक कुणी, कुठं, कधी, कशानं पाहिलं ते सांगतं. शंका घेणारे कोण होते तेही सांगतं. एकाच महापुरुषानं एका रात्रीत शोध लावला, असं वाचलं की थोडं थांबा.

"हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं" अशी पुस्तकं चांगली खपतात. ती घ्यावीत का?

घेऊ नका. पूर्वजांचं खरं काम त्यांपेक्षा कितीतरी रंजक आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' (सुमारे ११५०) बघा. गणिताचं पुस्तक, पण भरलंय भुंगे, हंस, कमळं आणि मोरांनी. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडं निघालाय. मोरानं तिरकी झेप घेतली, आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं. बिळापासून किती हातांवर गाठ पडली?

उत्तर बारा हात. पायथागोरस वापरून काढून बघा, साप पंधरा हात सरकलेला असतो. भास्कराचार्य स्वतःचं गाव विज्जडविड सांगतात. ते विजापूर, की चाळीसगावजवळचं पाटणे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. विजापूरवाल्यांचा आणि खानदेशवाल्यांचा हा वाद चालू द्यावा, आपण मोर सोडवावा.

घरात वडिलांच्या काळातली विज्ञानाची पुस्तकं आहेत. ती वाचली तर चुकीचं शिकू का?

कशाबद्दल आहेत त्यावर आहे. फॅरेडेनं मेणबत्तीवर मुलांना दिलेली व्याख्यानं १८६१ साली पुस्तकरूपात आली, त्यातलं ज्वलन आजही तसंच आहे. पण २००६ पूर्वीच्या पुस्तकात प्लुटो ग्रह असेल, १९९५ पूर्वीच्या पुस्तकात सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह नसेल, २०१६ पूर्वीच्या पुस्तकात गुरुत्वीय लहरी "अजून सापडायच्या" असतील. आधी छापल्याचं वर्ष बघायचं, मग वाचायचं.

डायनासोरांचं प्रकरण तर आपल्या पायाखालचंच आहे. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या एका पातळ थरातल्या इरिडियमवरून (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींत भरपूर असा धातू) सांगितलं की मोठा अशनी आदळला. पुढं मेक्सिकोत चिक्शुलुबचं विवर त्याच काळाचं निघालं. त्याआधीच्या पुस्तकांत डायनासोर का संपले याची नुसती अटकळ मिळेल. आणि साधारण त्याच सुमाराला, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचत होते. त्या पठाराची दक्षिणेकडची कड आपल्या जिल्ह्यात आहे. निपाणी-चिकोडीचा काळा खडक त्याचाच. गोकाकच्या धबधब्याला गेलात तर खडक बदललेला दिसतो. तिथला वालुकाश्म कितीतरी जुना, लाव्हाच्या आधीचा. डायनासोर संपवण्यात अशनीचा वाटा किती आणि या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून हमरीतुमरीवर येतात.

विज्ञानकथा यात धरता का?

धरतो, पण वेगळ्या फळीवर ठेवतो. कथेत लेखकाला कल्पनेची मुभा असते, ती कुठं संपते हे वाचकाला कळलं पाहिजे. नारळीकरांची पहिली गाजलेली कथा 'कृष्णविवर'. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. आपल्याच आद्याक्षरांचा उलटा क्रम. परीक्षकांना पत्ता नव्हता, बक्षीस मिळालं. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर हीही नावं लक्षात ठेवा.

मुलगी पीयूसी सायन्सला आहे. सीईटी, नीटला उपयोग होईल का?

नाही. त्यासाठी घेऊ नका.

सुट्टीत, निकाल लागायच्या आधीच्या रिकाम्या दिवसांत द्या. आणि "किती पानं झाली?" विचारू नका.

यूट्यूबवर सगळं दिसतं. पुस्तक कशाला?

व्हिडिओत कृष्णविवर छानच दिसतं. पण न कळलेल्या वाक्यापाशी थांबून, दोन पानं मागं जाऊन, पुन्हा वाचायचं काम पुस्तकातच होतं. दोन्ही चालू ठेवा. आम्हीही बघतो.

अर्धवट सोडलं तर?

सोडा की. दुसरं घ्या.

पुस्तकं मिळतात कुठं?

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, तिथं चौकशी करा. विज्ञानाची फळी कुठली ते विचारावं लागलं तर विचारा, लाजू नका. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांना गेलात तर पुस्तकांच्या टेबलांवर कवितासंग्रह आणि चरित्रांच्या ढिगाखाली एखादं विज्ञानाचं पुस्तक सापडतं. विक्रेत्याला आधी सांगून ठेवलं तर पुढच्या वर्षी दोन आणतो. फुकटात हवं असेल तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर पूर्ण खुला आहे. पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही मुलांची विज्ञानपुस्तकं मराठीसह अनेक भाषांत मोफत मिळतात, आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी कशी करायची तेही. गावच्या शाळेत प्रिंट काढून ठेवायला ही फार कामाची.

आमच्या गावात विज्ञानाचा वाचनकट्टा सुरू करायचा तर पहिल्या दिवशी काय करावं?

भाषण नको. दीपप्रज्वलन करणारच असाल तर मेणबत्ती लावा आणि तिच्यावरच फॅरेडेचा प्रयोग करा. मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला वरूनच पेटती काडी लावा. ज्योत वातीला न शिवता धुरातून उडी मारून खाली येते आणि मेणबत्ती पेटते. वारा नको, पंखा बंद ठेवा, लहान मुलांच्या हातात काडी देऊ नका. मग विचारा, जळतंय ते काय, वात, मेण की तो धूर? तासभर कुणी उठत नाही. पुस्तक त्यानंतर काढा.

आपल्या भागाचं नाव जगाच्या विज्ञानात कुठं येतं का?

येतं, आणि एका वटवाघळामुळं. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत मोकळ्या शेपटीचं, मोठ्या कानांचं एक वटवाघूळ राहतं. ऑल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं १९१३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नाव दिलं राउटन यांचं. ते इथल्या वनखात्यातले अधिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीमागचे एक मुख्य माणूस. पुढं कितीतरी दशकं जगात हे वटवाघूळ फक्त या एका गुहेत सापडतं अशीच समजूत होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात आढळलं. वटवाघळांवरचं कुठलंही जाडजूड इंग्रजी पुस्तक घ्या, मागच्या सूचीत 'ऑटोमॉप्स' हा त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द शोधा. बारापेडेचं नाव दिसण्याची शक्यता बरीच आहे.

मग बारापेडेची गुहा बघायला सगळ्यांनी मिळून गेलं तर?

नको. गुहा भीमगड अभयारण्यात आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि परवानगी मिळाली तरी घोळका, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश यांनी वटवाघळं बिथरतात. पावसाळ्यानंतर कणकुंबीला जा, मलप्रभेचा उगम बघा. वाटेत जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणी दिसतील, तिथं उतरून दगड हातात घेऊन बघा. जेवणाचे डबे बरोबर घ्या आणि जळवांसाठी मीठ विसरू नका.